तांदळातलं नाव आणि पीपीओतलं नाव

वाचकाचं पत्र:

रामराम साहेब,
आमचं गाव मोहोळ तालुक्यात. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९७० ला भरती झाले, १९८७ ला नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले. यंदा फेब्रुवारीच्या १९ तारखेला वारले, वय ७४. नऊ महिने झाले, आईला एक रुपया मिळालेला नाही. बँकेत गेलो तर म्हणतात, तुमचं आता स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर) गेलंय, आमच्या हातात काही नाही. सीएससीवाल्याने (ऑनलाइन सेवा केंद्रवाल्याने) स्पर्शवर मृत्यूची नोंद केली, अर्ज भरला, तो परत आला. कारण पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पत्नीचं नाव हिराबाई, आणि आईच्या आधारवर, रेशनकार्डावर, बँकेत सगळीकडे सुमन. हिराबाई हे तिचं माहेरचं नाव.

एक जण भेटलाय. सगळं करून देतो म्हणतो. आधी १५ हजार आणि थकलेल्या पेन्शनचा फरक मिळाला की त्याचे २५ टक्के. वर्षाच्या आत झालं नाही तर हक्क जातो, वारस दाखला काढा, आईचं आधार हिराबाई नावाने करून घ्या, असंही सांगतो. भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो देऊन टाक, डोक्याचा ताप नको.

अजून एक, खरं ते सांगतो. वडील गेल्यावर फेब्रुवारी आणि मार्चची पेन्शन खात्यात जमा झाली, ती मी एटीएममधून काढली. दिवसकार्याला लागली. त्याचं काही प्रकरण होईल का? आईला वडिलांएवढीच पेन्शन मिळेल का? माझी मुलगी बारावीला आहे, तिला आजोबांच्या नावावर स्कॉलरशिप मिळते का? आणि माजी सैनिकाला घरपट्टी माफ असते म्हणतात, ते खरं का? घर अजून आजोबांच्याच नावावर आहे.
— एक मुलगा, मोहोळ तालुका
(पत्रातली नावं बदलली आहेत.)

रामराम.

आधी एक कबुली देतो. तुमच्या घरात आज जो घोळ झालाय, तसले घोळ करणाऱ्यांपैकी मी एक आहे. मी पलटणीत क्लार्क होतो. जवान वार्षिक सुट्टी संपवून परत यायचा, मनगटावर हळकुंड बांधल्याची पिवळी खूण अजून असायची, आणि कंपनी ऑफिसात माझ्या टेबलासमोर सावधानमध्ये उभा राहायचा. लग्नाची नोंद करायची असायची. मी मान वर न करता विचारायचो, "बीवी का नाम?" समोरचा गडी लाजून लाल. पंधरा दिवसांपूर्वी ताटातल्या तांदळात अंगठीने त्याने स्वतःच नवीन नाव लिहिलेलं असायचं, पण ते अजून जिभेवर बसलेलं नसायचं. पोरगी बघायला गेला तेव्हापासून सुपारी फुटेपर्यंत घरात सगळे 'हिरा' म्हणायचे, तेच त्याच्या तोंडून निघायचं. मी ते इंग्रजीत टाइप करायचो, वर 'बाई' माझ्या पदरचं. झालं. त्यावरून पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या घरच्या नोंदीचा आदेश) निघाली, ती पलटणीचं दप्तर सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला गेली, तिथून डिस्चार्ज बुकात (घरी येताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात) आणि डिस्चार्ज बुकातून पीपीओवर.

इकडे गावात 'सुमन' रेशनकार्डावर चढली, मग मतदार यादीत, मग आधारवर. दोन्ही कागद चाळीस-पन्नास वर्षं आपापल्या वाटेने चालत राहिले. तुमच्या वडिलांना पेन्शन मिळत होती तोवर बायकोचं नाव कुणी ताडून बघायचं कारणच नव्हतं.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण तुमच्या पत्रात आई कुठे बोलतच नाहीत. तुम्ही बोलता, भाऊ बोलतो, सीएससीवाला बोलतो, तो टक्केवारीवाला तर फारच बोलतो. आईंना शेजारी बसवा आणि विचारा: लग्न कुठल्या गावात लागलं, पत्रिका छापली होती का, वडील पेन्शनवर आले तेव्हा फोटो काढायला कुठे गेला होतात. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. त्या काळात पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा जोडीचा फोटो लागायचा. स्टुडिओतला, दोघं ताठ बसलेली, मधे वीतभर अंतर. त्या फोटोची एक प्रत बहुतेक घरात ट्रंकेच्या तळाशी असते. 'हिराबाई'चा चेहरा आणि 'सुमन'चा चेहरा एकच आहे हे सांगायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

आता डिस्चार्ज बुक काढा. त्यात कुटुंबाच्या नोंदीचं पान असतं. बायकोचं नाव, लग्नाची तारीख, तुम्हा भावंडांची जन्मतारीख. ते पान आधी नीट वाचा. तिथे हिराबाईच असेल, पण मुलांची नावं आणि तारखा तुमच्या शाळेच्या दाखल्याशी जुळत असतील, तर अर्धं काम तिथेच झालं. तुमच्या दाखल्यावर किंवा जन्माच्या नोंदीत आईचं नाव सुमन असेल आणि डिस्चार्ज बुकात त्याच मुलाची आई हिराबाई असेल, तर ही दोघं एकच हे कागदच सांगतो.

आणखी एक कागद आहे, तो फार थोड्यांना सुचतो. आईंचे वडील गेल्यावर माहेरच्या जमिनीला वारस लागले असतील. जुन्या फेरफारात लेकींची नावं कशी लिहितात ते आठवा: नाव, पुढे 'भ्र.' म्हणजे भ्रतार, आणि नवऱ्याचं नाव. हिराबाई भ्र. अमुक अमुक. तिथे माहेरचं नाव आणि तुमच्या वडिलांचं नाव एकाच ओळीत, तलाठ्याच्या सहीनिशी सापडतं. बार्शीकडच्या माझ्या एका नात्यातल्या बाईंचं काम याच एका फेरफारावर सुटलं. तोवर आम्ही सात महिने भलतीकडेच हात मारत होतो. मी स्वतः क्लार्क असून मला ते सुचलं नव्हतं, सुचलं ते बाईंच्या भावजयीला. पत्रं मात्र शोधत बसू नका. त्या काळी जवानाचं पत्र बापाच्या नावाने यायचं. बायकोच्या नावाने पाकीट आलं असतं तर पोस्टमनने गावभर केलं असतं.

हे सगळं गोळा झाल्यावर लगेच स्टॅम्प घेऊन शपथपत्र करायला पळू नका. सगळे तिथेच चुकतात. शपथपत्रात नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, पीपीओवर दुसरं, आधारवर तिसरं, असं होतं आणि कागद पुन्हा फिरतो. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सोलापुरातच आहे. तिथे कल्याण संघटक असतात, ते स्वतः माजी सैनिक असतात आणि त्यांनी असली प्रकरणं रोज हाताळलेली असतात. त्यांच्या मार्फत बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. पत्रात वडिलांचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ नंबर, मृत्यूची तारीख आणि सरळ एक प्रश्न: पत्नीच्या नावात दुरुस्तीसाठी कोणते कागद, कोणत्या नमुन्यात हवेत? उत्तर आलं की त्यात लिहिलंय तेवढंच, तसंच करायचं. शपथपत्र, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, राजपत्र, यातलं काय मागतील ते त्यांच्याच पत्रातून कळू द्या. उगाच आधी राजपत्रासाठी खर्च करू नका. नाव दुरुस्त झालं की दुरुस्तीचा पीपीओ निघतो आणि मग स्पर्शवरचा अडकलेला अर्ज पुढे सरकतो.

बेळगावला स्वतः जायचं का? विजापूरमार्गे एसटीने जाता येईल, पण पहिल्या फेरीला नको. पत्राची पोच आणि त्यावरचा क्रमांक हातात आल्याशिवाय गेलात तर गेटवर नाव लिहून, चहा पिऊन परत याल.

आईंचं आधार हिराबाई नावाने करून घेण्याचा जो सल्ला तुम्हाला मिळालाय, तो मुळीच ऐकू नका. सोपा वाटतो, आणि करणाऱ्याचं काम एका दिवसात होतं. पण मग बँकेचं खातं सुमनचं, रेशन सुमनचं, उद्या घर नावावर करायला गेलात तर तिथे सुमन. एक गाठ सोडवायला चार नव्या मारून ठेवायच्या. पन्नास वर्षं ज्या नावाने त्या जगल्या, तेच नाव रेकॉर्डात जाऊ द्या, हवं तर 'सुमन उर्फ हिराबाई' असं.

नाव दुरुस्त करताना जन्मतारखेकडेही बघा. आईंच्या आधारवर १ जानेवारी आहे की १ जून? त्या पिढीतल्या निम्म्या बायका १ जानेवारीला जन्मल्यात आणि शाळेत गेलेल्या सगळ्या १ जूनला! तारीख कुठलीही असो, सगळीकडे एकच हवी. जुन्या पीपीओंवर पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा नसतेच. आज त्याने काही अडत नाही. पण वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३० होते, ९० ला ४०. रेकॉर्डात तारीखच नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही, आणि तेव्हा तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. आता दार उघडलंच आहे तर हेही आत सरकवून द्या.

पैशाचं. वडिलांएवढी पेन्शन आईंना मिळणार नाही, ही आशा सोडा. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात. मृत्यूनंतर सात वर्षं ५० टक्क्यांचा वाढीव दर असतो, पण तो पेन्शनर हयात असता तर ६७ वर्षांचा होईपर्यंतच. वडील ७४ चे होते, म्हणून तो लागू नाही. मूळ फॅमिली पेन्शन ९००० रुपयांच्या खाली जात नाही, वर महागाई भत्ता वेगळा. वन रँक वन पेन्शनची (समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन) दर पाच वर्षांची फेरनिश्चिती फॅमिली पेन्शनलाही लागते, शेवटची १ जुलै २०२४ पासूनची आहे. तेव्हा दुरुस्तीचा पीपीओ आला की आकडा जुन्या दराने तर नाही ना, हे सैनिक कार्यालयात तपासून घ्या.

हक्क वर्षात जातो हे धादांत खोटं. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. तुमच्या बाबतीत २० फेब्रुवारीपासून. उशीर झाला तरी तिथपासूनचा फरक एकरकमी येतो. त्या माणसाचा डोळा नेमका त्याच फरकावर आहे. जितका उशीर तितका त्याचा २५ टक्क्यांचा वाटा मोठा, मग त्याला घाई कशाला असेल? सैनिक कार्यालय या कामाला पैसे घेत नाही, रेकॉर्ड ऑफिस घेत नाही. आणि त्याला स्पर्शचा पासवर्ड किंवा आईंच्या मोबाईलवर आलेला ओटीपी दिला असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी पासवर्ड बदला. भावाला हा परिच्छेद वाचून दाखवा.

वारस दाखला फॅमिली पेन्शनला लागत नाही. तो पत्नीचा हक्क आहे, भावांमध्ये वाटायची ती गोष्ट नाही. फेब्रुवारीच्या १ ते १९ तारखेपर्यंतची जी वडिलांची पेन्शन, तिला नॉमिनेशन नसेल तर मात्र मागू शकतात. मागितला तर बघू.

एटीएमचं. घाबरू नका, पण लपवूही नका. फेब्रुवारीतले १९ दिवस वडिलांच्या हक्काचेच होते. बाकीचे फेब्रुवारीचे दिवस आणि मार्चचा महिना जादा गेला. ही रक्कम फरकातून कापून घेतात, नाहीतर परत भरायला सांगतात. अर्जासोबत एक ओळ स्वतःहून लिहा, की अमुक रक्कम अमुक तारखेला काढली, फरकातून वळती करून घ्यावी. लिहून दिलं असेल तर हिशोब लवकर मिटतो. दिवसकार्य थांबत नसतं हे सगळ्यांना कळतं, ऑफिसातल्यांनाही. पण सगळ्या वाचकांना सांगतो, पेन्शनर गेला की मृत्यूचा दाखला मिळाल्या मिळाल्या आधी कळवा आणि एटीएम कार्ड बाजूला ठेवा.

औषधपाण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. वडिलांचं ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड होतं का? असेल तर आईंचं कार्ड आता विधवा म्हणून त्यांच्या स्वतःच्या नावे करून घ्यायचं, सोलापुरात पॉलिक्लिनिक आहे. नसेल तर फॅमिली पेन्शन सुरू झाली की सदस्य होता येतं, आणि वडील १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेत, त्यामुळे वर्गणी माफ. ७० च्या पुढच्या बाईला पेन्शनच्या आकड्यापेक्षा हे कार्ड जास्त कामाला येतं, असं माझं मत. गुडघ्याचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं की तुम्हालाही पटेल. सैनिक कार्यालयातून विधवेचं ओळखपत्रही त्याच फेरीत करून घ्या.

नातीला नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५००, पण ती माजी सैनिकाच्या मुलामुलींना आणि विधवेला. नातवंडं त्यात बसत नाहीत. तुमच्या मुलीने दुसऱ्या शिष्यवृत्त्या बघाव्यात.

घरपट्टीचं खरं आहे. २०२० पासून राज्याची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे, तिच्यात माजी सैनिकाच्या किंवा विधवेच्या एका घराची घरपट्टी माफ होते, ग्रामपंचायतीतसुद्धा. सैनिक कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडायचं. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर (घरांच्या नोंदीवर) आजोबांचं नाव असेपर्यंत ग्रामसेवक हलणार नाही, आणि त्याचंही चूक नाही. आधी वारस नोंद, मग अर्ज. हे सावकाश होऊ द्या, पेन्शनच्या आड येऊ देऊ नका.

तुमच्या पत्राशी संबंध नाही, पण गावात कुणी असेल म्हणून सांगतो. पंधरा वर्षं पुरी न होता घरी आलेल्या आणि पेन्शन नसलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला, वय ६५ च्या पुढे असेल तर, केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीत असलेल्यांसाठीची मदत, मिळते. महिना ४००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८००० झाली. दर ७ डिसेंबरला पोरांच्या छातीवर जो कागदी झेंडा लावतात, त्या निधीतले पैसे इकडे येतात. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये असा एखादा नक्की निघेल, त्याला विचारा.

रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी नकार आला तरच पुढचं. मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ पासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर मदतीची योजना काढलीय, तिची चौकशी सैनिक कार्यालयातच करा. तुमच्या प्रकरणात तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. नुसता नावाचा फरक आहे, नवराबायकोबद्दल वाद कुणाचाच नाही.

पेन्शन सुरू झाली की दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल. शेतात राबलेल्या बाईचे अंगठे मशीन ओळखत नाही, दहा वेळा दाबून त्या रडकुंडीला येतात. मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, तो मार्ग सीएससीवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा.

सोमवारी सोलापूरला सैनिक कार्यालयात निघाल तेव्हा डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, मृत्यूचा दाखला, आईंचं आधार आणि पासबुक, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. जोडीचा फोटो सापडला तर झेरॉक्सच्या मशीनखाली घालू नका, जुन्या फोटोचा पापुद्रा निघतो. सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास कुठल्याही स्टुडिओत त्याची प्रत निघेल.

आईंना सोबत न्या. शपथपत्रावर अंगठा घ्यायच्या आधी समोरचा विचारेल, "बाई, तुमचं नाव काय?" तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका. दोन्ही नावं त्यांना स्वतःलाच सांगू द्या.